काटकसरीची कात्री कोणत्या खर्चावर?



महागाईचा विषय आता प्रत्येक घरात रोज निघतो. विजेचे बिल, गॅसची टाकी, खाद्यतेल, शाळेची फी, औषधे यांची बेरीज केली की महिन्याची वीस तारीख उजाडण्यापूर्वीच पाकीट रिकामे होते. मग घरात ठरते की आता खर्चाला कात्री लावायची. हा निर्णय योग्यच आहे. परंतु ती कात्री कोणत्या खर्चावर चालते, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. बहुतेक घरांत ती सर्वप्रथम घरातील स्त्रीच्या ताटावर, तिच्या औषधावर आणि मुलीच्या शिक्षणावर चालते. पुरुषाची चहा-पानाची बैठक, मोबाईल आणि नातेवाइकांसमोरची प्रतिष्ठा मात्र जशीच्या तशी राहते. ही काटकसर इस्लामने शिकविलेली नव्हे.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-फुरकानमध्ये (२५:६७) कृपाळू अल्लाहच्या खऱ्या दासांचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत रात्रीच्या नमाजबरोबरच खर्चाची रीतही आली आहे. ते खर्च करतात तेव्हा उधळपट्टी करीत नाहीत आणि कृपणताही दाखवीत नाहीत, त्यांचा व्यवहार या दोहोंच्या मध्ये असतो, असा त्या आयतीचा आशय आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२९) हाच विचार हाताच्या उपमेने मांडला आहे. हात मानेला बांधून ठेवू नये आणि तो पूर्ण मोकळाही सोडू नये, नाहीतर माणूस लोकांच्या दूषणाचा धनी होऊन हताश बसतो. त्याच सूरहच्या आधीच्या आयतींत (२६-२७) उधळ्या माणसांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे, आणि त्याच ठिकाणी नातेवाईक, गरजू व प्रवासी यांचा हक्क देण्याची आज्ञाही आहे. उधळ्या माणसाजवळ या हक्कदारांसाठी काही उरतच नाही.

विद्वानांनी येथे 'इस्राफ' आणि 'तब्जीर' या दोन शब्दांतील फरक समजाविला आहे. वैध गोष्टीत प्रमाणाबाहेर जाणे म्हणजे इस्राफ, आणि जेथे खर्च करायलाच नको तेथे करणे म्हणजे तब्जीर. जेवण वैध आहे. चार माणसांसाठी दहा जणांचे शिजवून सकाळी ते कचऱ्यात टाकणे हा इस्राफ. लग्नाच्या वरातीत फटाके आणि डीजे ही तब्जीर. घरखर्चाचा हिशेब करताना ही दोन नावे डोळ्यांसमोर ठेवली तर कात्रीला आपोआप दिशा मिळते. तब्जीर मुळापासून तोडावी आणि इस्राफ प्रमाणात आणावा. गरजेला मात्र हात लावू नये.

आता घरातील एकेक खर्च पाहू. पाण्यापासूनच सुरुवात करू या, कारण पाणी आपल्या दैनंदिन इबादतीशी जोडलेले आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत (बुखारी, मुस्लिम). हनफी आणि शाफई मापांत फरक असला, तरी मुद्द हे पाऊण लिटर ते एक लिटरच्या आसपासचे माप आहे. चार मुद्दांचा एक साअ होतो. आपण नळ पूर्ण सोडून वुजू करतो तेव्हा मिनिटाला सहा-आठ लिटर पाणी सहज वाहून जाते. म्हणजे तीन मिनिटांच्या एका वुजूत आपण जेवढे पाणी सांडतो, तेवढ्यात त्या काळी अनेकांचे वुजू झाले असते. मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीतील मशिदीतही हे दृश्य दिसते, आणि तेथे ते अधिकच बोचते. मशिदीच्या पाण्याचे आणि विजेचे बिल समाजाच्या देणगीतून भरले जाते, म्हणून तेथील नासाडी ही अमानतीतील नासाडी आहे. घरी तांब्यात पाणी घेऊन वुजू करणाऱ्या आपल्या आजी-नानींची पद्धत सुन्नतच्या अधिक जवळ होती.

विजेचे बिल कमी करण्यासाठी आधी ते वाचता आले पाहिजे. महावितरणच्या घरगुती ग्राहकाचा वापर १००, ३०० आणि ५०० युनिट अशा टप्प्यांत मोजला जातो आणि वरच्या टप्प्यातील युनिटला चढा दर लागतो. म्हणून आपण जे युनिट वाचवितो ते आपल्या बिलातील सर्वांत महागडे युनिट असते. एक युनिट म्हणजे एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालणे. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. तो दिवसाला १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात. नव्या बीएलडीसी पद्धतीचा ३० वॉटचा पंखा तेवढ्याच वेळात साडेचौदा युनिटांच्या आत राहतो. दोन हजार वॉटचा गीझर रोज अर्धा तास चालला की महिन्याला ३० युनिट झाले. ज्या घरात तीन जुने पंखे दिवसभर फिरतात, तेथे बल्ब बंद करण्यावरून मुलांना ओरडण्यापेक्षा पंखे एकेक करून बदलणे अधिक उपयोगाचे ठरते. रिकाम्या खोलीतील दिवा मात्र बंद करावाच. झोपण्यापूर्वी दिवे विझविण्याचा आदेश प्रेषितांनी (स.) दिला आहे. उंदीर पेटती वात ओढून घराला आग लावील, हे त्याचे कारण हदीसमध्ये आलेले आहे (बुखारी). आदेश सुरक्षिततेसाठी होता हे खरे, पण तो पाळणाऱ्या घराचे तेलही वाचतच असणार.

याच ठिकाणी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. काही वस्त्यांत तारेवर आकडा टाकून वीज घेतली जाते, मीटरमध्ये फेरफार केले जातात आणि त्यालाही 'बचत' म्हटले जाते. ही चोरी आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार तो गुन्हा आहे, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो; आणि शरीअतच्या दृष्टीने ते दुसऱ्याचे धन अवैध मार्गाने खाणे आहे. चोरीच्या विजेवर चालणाऱ्या पंख्याखाली तहज्जुद पढणाऱ्याने स्वतःच्या मनाला काय उत्तर द्यावे? धन कोठून मिळविले आणि कशावर खर्च केले, हे दोन्ही प्रश्न कयामतच्या दिवशी विचारले जातील असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे (तिर्मिजी). केवळ दुसऱ्याच प्रश्नाची तयारी करून भागणार नाही.

स्वयंपाकघराविषयी आमच्या भगिनींना फार सांगण्याची गरज नाही. डाळ-हरभरे आधी भिजवावेत, मटण कुकरमध्ये शिजवावे, उकळी आल्यावर आच मंद करावी, हे त्या जाणतातच. गॅसची टाकी लवकर संपते ती बहुधा घरातील माणसे चार वेगवेगळ्या वेळी जेवतात आणि प्रत्येकासाठी पुन्हा गरम करावे लागते म्हणून. एकत्र जेवण्यात बरकत आहे. एकाचे जेवण दोघांना आणि दोघांचे चौघांना पुरते, असे हदीसमध्ये आले आहे (मुस्लिम). हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) रस्सा करताना त्यात पाणी वाढवावे आणि शेजाऱ्यांकडे लक्ष द्यावे असा उपदेश केला (मुस्लिम). आपण रस्सा पातळ करतो तो बहुधा पैसे वाचविण्यासाठी. तेथे तो शेजाऱ्याला वाटी देता यावी म्हणून वाढविला जात होता. रमजानमध्ये तर अनेक घरांचा किराणा इतर महिन्यांपेक्षा वाढतो. उपवासाच्या महिन्यात खाण्याचा खर्च वाढावा, ही गोष्ट दस्तरखानावर बसून एकदा विचार करण्यासारखी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मक्केच्या हिंद बिन्त उत्बा (रजि.) यांनी प्रेषितांकडे (स.) तक्रार केली की पती अबू सुफयान (रजि.) हात आखडता घेतात, मला व मुलांना पुरेसे देत नाहीत. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना पतीच्या धनातून, त्याला न सांगताही, स्वतःला व मुलांना पुरेल इतके योग्य रीतीने घेण्याची मुभा दिली (बुखारी). या हदीसवरून फिकहच्या जाणकारांनी पत्नी व मुलांचा निर्वाह हा पतीवरील हक्क असल्याचे प्रतिपादन केले आहे. मर्जी झाली तर द्यावे, असे ते दान नव्हे. जो पुरुष मित्रांमध्ये उदार असतो आणि घरी प्रत्येक रुपयाचा हिशेब मागतो, त्याला काटकसरी म्हणता येत नाही, तो हक्क बुडविणारा आहे. मुलीला दहावीनंतर घरी बसवून फी वाचवायची आणि त्याच मुलीच्या लग्नात पाचशे माणसांसाठी देगी चढवायच्या, असा हिशेब आपल्या समाजात राजरोस चालतो. हजरत जैनब (रजि.) यांच्याशी विवाहानंतर प्रेषितांनी (स.) जो वलीमा दिला तो एका बकऱ्याचा होता, आणि प्रेषितांच्या पत्नींच्या वलीम्यांत त्याहून मोठा कोणता झाला नाही, असे हजरत अनस (रजि.) सांगतात (बुखारी). आपल्याकडे वलीमा साधा ठेवला तर लोक काय म्हणतील, अशी भीती असते. फी न भरल्याने मुलीचे शिक्षण थांबले तर मात्र लोक काहीच म्हणत नाहीत!

तसेच मोलकरणीचा पगार थकविणे आणि डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणे, यालाही बचत म्हणू नये. विकताना व विकत घेताना सौम्यतेने वागणाऱ्यासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या कृपेची दुआ केली आहे. आणि काम पूर्ण करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, असे सांगितले आहे (बुखारी). मॉलमध्ये छापील किमतीवर न बोलता पैसे मोजणारे हात दारावर येऊन एवढे का आखडतात?

काही बांधव बचतीलाच तवक्कुलच्या विरुद्ध समजतात. प्रेषित (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराच्या निर्वाहाची तरतूद करून ठेवीत, असे हजरत उमर (रजि.) यांच्या कथनात आहे (बुखारी). हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसांतच राखून ठेवण्यास सांगितले, तेही कुरआनने वर्णिले आहे (१२:४७). हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना बहुतांश संपत्ती दान करू इच्छीत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबविले आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. वारसांना लोकांसमोर हात पसरावा लागेल अशा स्थितीत सोडण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवणे चांगले, हे त्याचे कारण दिले.

बचत न करणाऱ्याला शेवटी कर्जाच्या दाराशी जावे लागते. एका मयतावर कर्ज होते आणि ते फेडण्याइतके मागे काही नव्हते, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याची जनाजाची नमाज स्वतः पढविली नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेतल्यानंतरच पढविली (बुखारी). नमाजमध्ये ते कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत. कर्जबाजारी माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा मोडतो, असे त्याचे कारण त्यांनी सांगितले. आज कर्ज मोबाईलच्या पडद्यावर मिळते. क्रेडिट कार्डाची वीस हजारांची थकबाकी दरमहा साडेतीन टक्क्यांनी राहिली तर पहिल्याच महिन्यात सातशे रुपये व्याज चढते, वर्षाचा दर ४२ टक्क्यांवर जातो. व्याज हराम आहे हे तर आहेच, पण विजेचे दोनशे रुपये वाचविणाऱ्या घरातून हे सातशे निमूटपणे जातात.

त्याऐवजी भगिनींची साधी भिशी कितीतरी चांगली. बारा जणींनी दरमहा हजार रुपये काढावेत आणि प्रत्येकीला आपल्या पाळीत बारा हजार मिळावेत, यात कोणाचे नुकसान नाही. मात्र लिलावाची भिशी टाळावी. तीत जिला निकड असते ती कमी रक्कम उचलते आणि तिचा तोटा बाकीच्या वाटून घेतात. बहुतेक उलेमा तिला व्याजाचाच प्रकार मानतात.

बचत साठत गेली की तिच्यावर जकातचा प्रश्न येतो. निसाबची मर्यादा सोन्यात ८७.४८ ग्रॅम आणि चांदीत ६१२.३६ ग्रॅम आहे. निसाबइतक्या धनावर चांद्र वर्ष पूर्ण झाले की अडीच टक्के द्यावे लागतात. वापरातील दागिन्यांविषयी हनफी व शाफई मतांत फरक आहे, तेव्हा देशावरील आणि कोकणातील कुटुंबांनी आपापल्या आलिमांना विचारावे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. जो मार्च ते मार्च असा हिशेब धरतो त्याची तेहतीस वर्षांत एक जकात मागे राहते. म्हणून घरखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर निसाब पूर्ण झाल्याची हिजरी तारीख लिहून ठेवावी, आणि दरवर्षी त्याच तारखेला पती-पत्नीने मिळून हिशेब करावा.