समान अंतर

एकाच वस्तूच्या शंभर प्रती वळणदार रेषेवर सारख्या अंतराने मांडणे हे नकाशे काढणाऱ्याच्या धंद्यातले रोजचे काम. रस्त्यावरचे दिवे, कुंपणाचे खांब, झाडे, घरे. पूर्वी हे डिव्हायडरने होई. त्याची दोन टोके पावले टाकीत वळणावरून चालत. ती मोजीत जीवा, चाप नव्हे, म्हणून शेवटी थोडी तडजोड करावीच लागे. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि २०१२ च्या आवृत्तीत ‘पाथ ॲरे’ ही आज्ञा आली. वस्तू दाखवा, रेषा दाखवा, अंतर सांगा. पापणी लवते न लवते तोच रांग उभी. तडजोड कुठे झाली हे विचारायला कागदावर कोणी उरत नाही.

मी सोलापुरात हाच व्यवसाय करतो, आणि या आज्ञेने एक जुनाच प्रश्न माझ्यापुढे नव्याने आणून ठेवला आहे : सर्वांना सारखे देणे म्हणजे न्याय देणे काय?

आमच्या शहराला हा प्रश्न परका नाही. शेजारी कुंभारीला विडी कामगार स्त्रियांची १०,००० घरांची वसाहत २००६ साली उभी राहिली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. पुढे तिथल्याच रे नगरातली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांच्या हाती पडली. जिची मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि त्या हजारातली प्रत्येक विडी दुसरीसारखीच वळावी लागते, तिचे घरही शेजारणीच्या घरासारखेच. अभिरुचीसंपन्न मंडळींना हे खटकते. घरे नव्हेत, खुराडी, असे ती म्हणतात. मला त्या टीकेत पोट भरलेल्या माणसाची ऐट दिसते. वशिल्याच्या माणसाला दोन खोल्या आणि बिनवशिल्याच्याला पडवी, ही रीत ज्याने मोडते तो एकसारखेपणा रुक्ष असला तरी मला प्रिय आहे.

पण सारखे म्हणजे कोणत्या रेषेवर सारखे? हे सरळ रस्त्यावर विचारावे लागत नाही. वळणावर विचारावेच लागते. समजा, रस्त्याच्या मध्यरेषेची त्रिज्या ३० मीटर आहे आणि तिच्यावर दर १० मीटरला एक खूण केली. खुणा निर्दोष, समान. आता घरे उभी राहणार ती मध्यरेषेवर नव्हे, तिच्यापासून १० मीटर आत आणि १० मीटर बाहेर. आतल्या बाजूची त्रिज्या २० मीटर, म्हणून तिथे प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसात मीटरही येत नाहीत. बाहेरच्याला सव्वातेरांहून थोडे अधिक मिळतात. बरोबर दुप्पट! आणि गंमत अशी की कोणीही लबाडी केलेली नाही. नियम एक, माप एक. जिच्यावर कोणीच राहत नाही अशा रेषेवर ते माप धरले, एवढेच. आपल्या कितीतरी कायद्यांची मध्यरेषा अशीच रस्त्याच्या मधोमध, निर्मनुष्य असते.

दुसरी एक सोय त्या आज्ञेत आहे. प्रती मूळ वस्तूशी बांधलेल्या ठेवता येतात. मूळ बदलले की सगळ्या बदलतात. चूक एकदा सुधारली की शंभर ठिकाणी सुधारते, हे खरेच. पण चूल वाऱ्याच्या तोंडावर आली तर तीही शंभर घरांत येते. बांधणी तोडली तर प्रत्येक प्रत स्वतंत्र होते, आणि मग पुढची सुधारणा तिच्यापर्यंत पोचत नाही. यांतले कोणते बरे, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. राहायला आलेली माणसे मात्र ती बांधणी आपल्या हाताने तोडतात. कोणी ओटा घालतो, कोणी दार हिरवे रंगवतो, कोणी तुळस ठेवतो.

सोलापूरभोवती सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेली ६८ लिंगे आहेत. संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात आणि त्या सर्वांना तैलाभिषेक होतो. आकार एकच, वाट गावाला वळसा घालणारी. पण अंतरे सारखी नाहीत. तिथे कोणी रेषेवरून खुणा पाडल्या नाहीत. नंदीध्वजाची उंच काठी पेलून चालणारा माणूस प्रत्येकापाशी पोचतो, आणि ६८ पैकी एकही आधीच्याची प्रत म्हणून तेलावाचून राहत नाही.

मागे एका कामात रस्त्याची एक बाजू १४७ मीटर भरली. ‘अंतर १० मीटर’ म्हटले तर १४ जागा होत आणि शेवटी ७ मीटरांचा तुकडा उरे. तिथे कचराकुंडी येणार हे ठरलेले. ‘भाग १५’ म्हटले की प्रत्येकी ९.८ मीटर. म्हणजे चौदा जणांनी वीस वीस सेंटिमीटर सोडले, उरलेला तुकडा त्यांत मिळवला, की पंधराव्याचे घर उभे राहते. मी भाग १५ केले. त्या चौदांना कोणी विचारले नव्हते. ती माणसे तेव्हा कोण आहेत हेही ठरले नव्हते. आज त्यांच्यापैकी एखाद्याची मोटारसायकल बोळात शिरताना आरशासकट अडकत असेल, आणि तो नकाशा काढणाऱ्याला शिव्या घालीत असेल. पंधरावा त्याच वेळी आपल्या दाराला कुलूप लावून कामावर निघाला असेल.