जनुकांचा अंमल आणि कर्करोग

कर्करोगाचे मूळ पेशीतील गुणसूत्रांच्या अव्यवस्थेत असावे, हा विचार जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी १९१४ साली मांडला. सी-अर्चिन या सागरी प्राण्याच्या अंड्यांत गुणसूत्रांची वाटणी विषम झाली की पुढील वाढ विकृत होते, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते आणि त्या निरीक्षणातूनच हे अनुमान त्यांना सुचले. पुढे संशोधकांची दृष्टी साहजिकच एखाद्या दोषी जनुकाच्या शोधाकडे वळली. कोंबड्यांत अर्बुद निर्माण करणाऱ्या विषाणूच्या जनुकाचे मूळ पक्ष्यांच्या निरोगी पेशींतच आहे, असे १९७६ साली बिशप आणि व्हार्मस या संशोधकांच्या प्रयोगशाळेने दाखवले, तेव्हा हा शत्रू घरचाच असल्याचे उघड झाले.

मात्र शरीराला आवश्यक असलेले जनुक शरीराच्याच विनाशास कारण कसे होते, या प्रश्नाचे उत्तर ज्या दिशेने मिळणार होते, ती दिशा झाकोब आणि मोनो या जीवशास्त्रज्ञांनी १९६१ सालीच दाखवून ठेवली होती. कारण काही जनुकांचे काम इतर जनुकांवर अंमल चालवणे एवढेच असते, हे त्यांनी जिवाणूंच्या अभ्यासातून सिद्ध केले होते. बर्किट लिंफोमा या कर्करोगात त्याचा विलक्षण प्रत्यय आला. आठव्या गुणसूत्रावरील ‘मिक’ हे जनुक बहुतेक रुग्णांत चौदाव्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडांच्या सदैव जागृत असणाऱ्या जनुकांशेजारी जाऊन बसते, असे १९८२ च्या सुमारास आढळले. त्यातील प्रथिन घडवणारा मजकूर पुष्कळदा शाबूत असतो. इमानी कारकुनाच्या हाती बनावट हुकूम पडावा आणि त्याने तो तंतोतंत बजावावा, तसे हे जनुक अवेळी आणि अखंड कार्यरत राहते.

पण माणसाच्या पेशीत प्रथिने घडवणारी जनुकेच सुमारे २०,००० आहेत, आणि त्यांतील कोणाचा कोणावर अंमल चालतो, हे एकेका प्रयोगाने उलगडणे मनुष्यबळाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून येथे गणनशास्त्राला पाचारण करावे लागले. तीव्र रक्तकर्करोगाचे दोन प्रकार केवळ जनुकांच्या सक्रियतेवरून ओळखता येतात, हे टॉड गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले. तरीही ते वर्गीकरणच होते, कार्यकारणाची उकल नव्हती. आंद्रेआ कॅलिफानो यांच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाने २००५ साली प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींचे ३३६ नमुने घेतले, क्लॉड शॅनन यांच्या माहितीसिद्धांताच्या आधारे जनुकांचे परस्परसंबंध मोजले, आणि तीन जनुके एकमेकांशी निगडित दिसली तर त्यांतील सर्वांत दुर्बळ संबंध अप्रत्यक्ष मानून वगळला. या पद्धतीने उभ्या राहिलेल्या जाळ्यात ‘मिक’ एक प्रमुख केंद्र म्हणून प्रकट झाले. पुढे २०१० साली याच मार्गाने मेंदूच्या एका उग्र अर्बुदामागील दोन नियामक प्रथिने सापडली, आणि ती दोन्ही दडपताच अर्बुदाची आक्रमकता घटल्याचे प्रयोगांत दिसले.

हा शेवटचा प्रयोग मला सर्वाधिक मोलाचा वाटतो. दोन जनुके एकत्र सक्रिय होतात एवढ्याने एकाची दुसऱ्यावर सत्ता सिद्ध होत नाही. अर्बुदात नानाविध पेशींची सरमिसळ असते, आणि ज्यावरून जनुकाची सक्रियता मोजतात ते संदेशवाहक आरएनए विपुल असले म्हणून प्रथिनही तितकेच कार्यक्षम असते असे नाही. संगणकाने दाखवलेल्या नियामकाला प्रत्यक्ष हटवून परिणाम तपासणे म्हणूनच अपरिहार्य ठरते. ते पथ्य पाळले तर असंख्य भिन्न उत्परिवर्तने ज्या मोजक्या नियामकांपाशी एकवटतात, तेथे उपचाराचा प्रयत्न करता येईल, आणि ज्या रुग्णांच्या जनुकांत औषधाला लक्ष्य करण्याजोगा एकही दोष आढळत नाही, त्यांच्यासाठीही वैद्यकाला काही करता येईल.