साम्राज्याच्या पलटणीतला नाईक

इटलीत पेरुजाच्या उत्तरेला, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने नावाचं टेकडीवरचं जुनं गाव आहे. १० जुलै १९४४ रोजी त्या परिसरात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा नाईक यशवंत घाडगे मारला गेला. गाव पळसगाव, तालुका माणगाव, जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. वय बावीस. मागे पत्नी. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात पुतळा उभा राहिला. रायगडबाहेर मात्र हे नाव माहीत असलेला माणूस क्वचितच भेटतो.

त्या दिवशी काय झालं, ते नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमधल्या मानपत्रात आहे. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडगेच्या सेक्शनमधली सगळी पोरं ठार किंवा जखमी झाली. सेक्शन कमांडर म्हणून तो एकटा उरला. क्षणभरही न थांबता तो त्या मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्बने बंदूक आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. आणखी एकाला टॉमीगनने टिपलं. तेवढ्यात गोळ्या संपल्या, आणि मॅगझीन बदलायला सवड नव्हती. त्याने टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने बडवून मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. जो मोर्चा घेतला, त्यातच तो मेला.

हा मजकूर मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्या नळीपाशी अडकतो. नुकत्याच झाडलेल्या बंदुकीची नळी भाजते. ती धरून समोरच्या दोन माणसांना मरेपर्यंत मारणं ही चित्रातली वीरश्री नव्हे. पुतळ्यापुढच्या भाषणात हे सांगणं अवघड जातं, म्हणून आपण ‘अतुलनीय शौर्य’ म्हणतो आणि पुढे सरकतो. शौर्य होतंच, त्याबद्दल वाद नाही. पण मानपत्र या मुलाच्या शेवटच्या काही मिनिटांबद्दल बोलतं, आणि तेही ज्या सत्तेने त्याला तिथे नेलं तिच्या भाषेत. आधीच्या बावीस वर्षांबद्दल बोलण्याची जबाबदारी आपली होती, आणि ती आपण घेतली नाही.

न घेण्याचं कारण उघड आहे. २ जानेवारी १९४३ रोजी, म्हणजे घाडगेच्या मृत्यूच्या दीड वर्ष आधी, माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांचे तरुण सहकारी हिराजी पाटील सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. इंग्रजांच्या कारभाराची नाडी आवळायला त्यांच्या दस्त्याने विजेचे मनोरे पाडले होते. माथेरानही याच जिल्ह्यातलं. घाडगे इटलीत लढत होता तेव्हा नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. कस्तुरबा फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेल्या होत्या. साताऱ्यात प्रतिसरकार चाललं होतं, आणि ज्या साताऱ्याच्या घरांतून पोरं भूमिगत होत होती, तिथल्याच घरांतून पोरं पलटणीतही भरती होत होती. स्वातंत्र्यानंतर आपण या दोन रांगांपैकी एक निवडली. ते साहजिक होतं. कोतवालांचं बलिदान मोठंच आहे आणि ते तसंच राहील. पण दुसऱ्या रांगेतल्या मुलाला काय म्हणायचं, हे आपण ठरवलंच नाही.

काहींनी ठरवलं. त्यांच्या मते हा भाडोत्री शिपाई, पगारासाठी गोऱ्यांकरता मेला. मला हे मान्य नाही. दुसऱ्या महायुद्धातली हिंदी सेना पंचवीस लाखांच्या घरात गेली आणि सक्तीची भरती कुठेच नव्हती, हे खरं. पण स्वखुशी म्हणजे काय, हे कुलाब्याच्या शेतावर उभं राहून विचारायला हवं. एक पावसाळी भातपीक, डोंगरउतारावरचे तुकडे आणि बऱ्याच गावांवर खोताचा अंमल. याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांच्या जमिनी पडीक ठेवून संप केला, यावरून जाच किती होता ते कळतं. खोती कायद्याने संपली ती स्वातंत्र्यानंतर. जमिनीवर घर चालत नसलं की थोरला गिरणीत जायचा, धाकटा पलटणीत, आणि पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा. त्या घरांना राजनिष्ठ म्हणणं खोटं आहे, आणि त्यांनी आपली पोरं विकली असं म्हणणं तितकंच खोटं आहे.

दुसरी सोय म्हणजे घाडगेला लढवय्या रक्ताच्या परंपरेत बसवणं. हीही साहेबाचीच देणगी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच इंग्रजांनी मराठे आता लढाऊ राहिले नाहीत असं ठरवून उत्तरेकडच्या जातींना झुकतं माप दिलं होतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात हजारो मराठा शिपाई झुंजले, तेव्हा ते मत बदललं. मनुष्यबळ कुठून लागणार, यावर जातींचं शौर्य ठरत होतं. पळसगावच्या एका मुलाने त्या दिवशी जे केलं, ते त्याचं स्वतःचं होतं. त्याचं श्रेय रक्ताला दिलं की तो पुन्हा नाहीसा होतो.

आणि तो कोणाविरुद्ध लढला, हेही सोडून चालणार नाही. २२ जून १९४४ रोजी मोंतोनेजवळच्याच गुब्बिओ गावात जर्मन सैन्याने चाळीस नागरिकांना उभं करून गोळ्या घातल्या. तीन आठवडेही उलटले नव्हते, तोवर त्याच टापूत मराठा शिपाई टेकडीमागून टेकडी घेत होते. ज्या मुलांना स्वतःच्या देशात स्वातंत्र्य नव्हतं, ती दुसऱ्यांच्या गावातून जुलमी फौज हुसकावत होती. या युद्धात ब्रिटनने हिंदुस्थानला न विचारता ओढलं, हा अन्याय. त्या टेकडीवरून नाझी हटणं, हा न्याय. घाडगेचा मृत्यू दोन्हींत सापडला आहे, आणि त्यातलं एक वगळून तो समजत नाही.

त्याच्या पलटणीची पुढची गोष्टही ध्यानात घ्यावी. हीच तिसरी मराठा बटालियन पुढे छत्रीधारी दलात गेली आणि दुसरी पॅरा झाली. बांगलादेशच्या युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलला जी उडी पडली, ती तिची. त्या जवानांबद्दल आपल्या मनात कसलाही संकोच नाही, आणि तो नसावाच. पण घाडगेबद्दल तो वाटावा, असं या दोन पिढ्यांच्या मुलांमध्ये मला काही दिसत नाही. वेगळी होती ती त्यांना रणांगणावर पाठवणारी सत्ता. युद्ध न्याय्य होतं की नव्हतं, याचा जाब तिला विचारावा. बावीस वर्षांच्या मुलाच्या मरणाचं दुःख मात्र त्या उत्तरावर अवलंबून ठेवू नये.

मोंतोनेने ते तसं अवलंबून ठेवलं नाही. २०२३ साली त्या गावाने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासकारांनी घाडगेच्या नावाने एक सूर्यघटिका उभारली. इटलीच्या मोहिमेत हिंदी सैन्याचे ५,७८२ जण मेले. मेलेले आणि वाचलेले धरून सहा हिंदी सैनिकांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांत दुसरा मराठा नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला, जो जिवंत परतला. मेलेल्या बाकीच्या हजारोंपैकी बहुतेकांना ना मानपत्र, ना पुतळा. घाडगेचं थडगंही नाही. त्याचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर, थडगं नसलेल्या हजारोंच्या यादीत कोरलं आहे.

पहिल्या महायुद्धानंतर आपल्या कितीतरी गावांत, या गावातून इतके जण गेले आणि इतके परतले नाहीत, अशा शिळा बसवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या याद्या उपलब्ध आहेत. बऱ्याच नावांपुढे बापाचं नाव आणि गावही दिलेलं आहे. कुलाबा, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशी ती तालुकावार लावून ग्रामपंचायतींकडे पाठवायला एका विद्यापीठाच्या इतिहास विभागाला फार वेळ लागू नये. आणि रायगडच्या शाळांनी कोतवाल, हिराजी पाटील आणि घाडगे हे तिघेही एकाच धड्यात शिकवावेत. तीन तरुण माणसं एकाच काळात एवढ्या वेगळ्या वाटांनी का गेली, हा प्रश्न आठवीतल्या मुलांना झेपणारा आहे.