परंपरा हे प्रमाण ठरते का?

चिनी वैद्यकाच्या दृष्टीने ओटीपोटातली गाठ हा एकट्या अवयवाचा दोष नसतो. 'छी' ही प्राणशक्ती क्षीण झाली आणि रक्त साकळले की गाठ धरते. म्हणून अंडाशयाच्या कर्करोगातही वैद्य जीभ पाहतो, नाडी पाहतो आणि हुआंगछीसारखी मुळे घालून त्या रुग्णापुरता काढा ठरवतो. शेजारच्या रुग्णाचा काढा वेगळा. सर्वांना एकच औषध देणाऱ्या चाचणीत हे ज्ञान मावत नाही, असे त्याचे समर्थक म्हणतात. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. काढे निरनिराळे असले, तरी ते घेणाऱ्या स्त्रिया अधिक जगतात का, हे यादृच्छिक गट पाडून तपासता येतेच. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांना चौथ्या शतकातल्या ग हुंग यांच्या ग्रंथाने वाट दाखवली. पण आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचे औषध ठरले ते प्रयोगांती, आणि २०१५चे नोबेल मिळाले ते त्या शोधाला. उलट ॲरिस्टोलोकिया वर्गातल्या वनस्पती शतकानुशतके वापरात होत्या, तरी त्यांतले आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवते. अंडाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया व केमोथेरपीची जागा घेईल असा एकही चिनी काढा आजवर सिद्ध झालेला नाही. काढा घ्यायचाच असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगूनच घ्यावा.