पुरातील चिंचेचे झाड



२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे बुडाली. पण नदीकाठच्या अफजलगंज इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० जण वाचले.

अशा वेळी शब्बाथशाळेतील मुले विचारतात, "ही कोणाच्या पापाची शिक्षा?" शिलोहातील बुरूज पडून १८ माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असे प्रभूने मानले नाही, उलट ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करावयास सांगितले (लूक १३).

मग आपण कशाचा पश्चात्ताप करावा? पूर आला की आपण प्रथम आपल्याच मंडळीच्या कुटुंबांची यादी करतो. शेजारच्या वस्तीची आठवण धान्य उरले तर होते. त्या झाडाने फांदी धरणाऱ्याचा धर्म विचारला नव्हता.

यशयाच्या ४३ व्या अध्यायात देव पाण्यातून जाणाऱ्यांना आपल्या सोबतीचे अभिवचन देतो. ती सोबत शेजाऱ्याला आपल्या हातून कळावी. म्हणून मंदिराची किल्ली कोणाकडे, सतरंज्या कोठे, मध्यरात्री दार कोण उघडील, हे येत्या पावसाळ्यापूर्वीच आपण ठरवू या.

प्रभू आपणांस तशी बुद्धी देवो. आमेन.