बिस्किटपुड्यातले चोवीस पैसे

टॅक्स ही मोठ्या माणसांची भानगड, असं मुलांना वाटतं. आणि तसं वाटू देतो आपणच. मराठवाड्यातल्या तेर गावातलं एखादं पोर मधल्या सुट्टीत पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेतं, तेव्हा त्यानेही कर भरलेला असतो. किमतीशेजारी ‘सर्व करांसह’ अशा अर्थाचं बारीक इंग्रजी छापलेलं असतं, ते त्याला वाचायला लावावं. बिस्किटावर सध्या ५ टक्के जीएसटी, म्हणजे पाच रुपयांतले साधारण २४ पैसे. निम्मे दिल्लीला, निम्मे मुंबईला. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी हा दर १८ टक्के होता, तेव्हा पाऊण रुपया जायचा. त्याच दिवशी वही-पेन्सिलीवरचा कर पार उठला. मग पोर विचारणारच : वहीला माफी, बिस्किटाला का नाही? इथे उत्तराची घाई करू नये. कशावर कर चढवायचा नि कशाला सूट द्यायची हे माणसंच ठरवतात, आणि त्या माणसांना आपण निवडून देतो, एवढं त्याचं त्यालाच सापडू द्यावं.

दुसरा प्रश्न : पैसे गेले कुठे? घोषवाक्यं पाठ करून घेण्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी बरा. तेरमध्ये त्याचं उत्तर पायी जाऊन बघता येतं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर वेचल्या. त्या संग्रहातून इथलं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. मणी, शंखाच्या बांगड्या, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, हस्तिदंती बाहुली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात हे गाव ‘तगर’ म्हणून येतं : पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, जिथलं कापड गाड्यांत भरून भडोचला जायचं. त्या बाहुलीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा पगार, दिव्याचं बिल, कपाटाची काच, सगळं सरकारी खजिन्यातून. आपल्या २४ पैशांतला नेमका कुठला पैसा इथे आला, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. खजिन्यात सगळं एकत्रच पडतं.

एका कराची वाट मात्र दाखवता येते. घरातल्या आजीला ७२ चा दुष्काळ विचारावा. खडी फोडली, सुकडी खाल्ली, हे ती आपणहून सांगेल. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्रात आकाराला आली : मागेल त्याला काम. कामं काढायची तर पैसा हवा. म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला आणि तो या योजनेसाठी राखला. जेवढा गोळा होईल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची. १९७७ मध्ये योजनेचा कायदा झाला. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये मराठवाड्यातल्या पाझर तलावावर माती वाहणाऱ्या बाईच्या हातात मजुरी म्हणून पडले. ओळख ना पाळख. उपकाराचा तर प्रश्नच नव्हता, कारण काम मागणं हा कायद्याने तिचा हक्क होता आणि घाम तिने स्वतःचा गाळला होता. करातून मिळालेल्या गोष्टीला आपण ‘फुकट’ म्हणतो, ते मला म्हणूनच खटकतं. शाळेतली खिचडी, पुस्तकं, मुलींचा एसटीचा पास, यांतलं फुकट काहीच नाही. पोराच्या बिस्किटाचाही त्यात वाटा आहे. खिचडी कच्ची राहिली तर त्याने खुशाल विचारावं.

‘पण त्या शहरातल्या लोकांना हे माहीत असतं का?’ असं मूल विचारील. पगारपत्रकावर बहुतेकांना व्यवसाय कराची ‘पीटी’ ही दोन अक्षरं आणि पुढे २०० रुपये दिसतात. वर्षाचे २,५०० भरायचे म्हणून फेब्रुवारीत ते ३०० होतात, आणि त्या महिन्यात तेवढी कुरकुर होते.