खुनाचा दर आणि कुर्ल्याचा पत्ता

कुर्ल्याचा पत्ता सांगितला की समोरचा माणूस क्षणभर थांबतो. घरभाड्याची बोलणी असोत, लग्नाची असोत किंवा नोकरीची मुलाखत असो, पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘पूर्व की पश्चिम?’ आणि त्यामागे दुसरा, बहुतेकदा न विचारलेला : ‘तिकडे राहायला बरं आहे ना?’ इकडे कुर्ल्यातल्याच नेहरूनगरच्या एखाद्या घरातली मुलगी एमएस करायला अमेरिकेला निघाली की तिचे आईवडील हाच प्रश्न शिकागोबद्दल किंवा सेंट लुईसबद्दल विचारतात. मोबाइलवर शहरांची यादी उघडते, प्रत्येक नावापुढे खुनाचा दर असतो, आणि त्या एका आकड्यावर घरात रात्रभर चर्चा होते.

काळजी खरी आहे, आकडाही बहुतेकदा खरा असतो. पण त्या आकड्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. सुरक्षितता शहराच्या नावात नसते. ती एका गल्लीची, एका वेळेची आणि एका माणसाची असते. ती मोजायची तर आपल्याला आजवर विचारले त्यापेक्षा अधिक अवघड प्रश्न विचारावे लागतील.

आधी आकड्याची बाजू मांडायला हवी, कारण ती भक्कम आहे. चोरी, छेडछाड, मारहाण यांचे आकडे माणसे तक्रार करतात का आणि ठाण्यात ती लिहून घेतली जाते का, यावर ठरतात. दिल्लीत वाहनचोरीची तक्रार ऑनलाइन करता येऊ लागली आणि नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या वाढली. यात दोष तक्रार सोपी करणाऱ्या व्यवस्थेचा नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या अहवालातच सांगतो की गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुनाचे तसे नसते. मृतदेह दडवणे कठीण, म्हणून शहराशी शहर ताडून पाहायला अभ्यासक खुनाचाच आकडा घेतात.

या विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी २८,५२२ खून झाले, म्हणजे लाखामागे २.१. मुंबईत १३५, बेंगळुरूत १७३, दिल्लीत ५०१. मुंबईचा दर लाखामागे ०.७, दिल्लीचा ३.१. आता अमेरिकेकडे पाहा. सेंट लुईस या जेमतेम तीन लाख वस्तीच्या शहरात २०२० साली २६३ खून झाले, म्हणजे लाखामागे सुमारे ८७. सत्तावीस लाखांच्या शिकागोत २०२१ साली सुमारे आठशे, म्हणजे लाखामागे तीसच्या आसपास. अमेरिकेत पाचांतले चार खून बंदुकीने होतात आणि बंदूक सहज हाताशी असते. आपल्याकडे भांडण हातघाईवर येते, फार तर चाकू-चॉपरवर. तिथे तेच भांडण ट्रिगरपर्यंत जाते. या दोन देशांमधली दरी मुख्यतः इथेच आहे.

तरीही हा दर म्हणजे त्या शहरातल्या माणसांचा स्वभाव नव्हे. न्यूयॉर्कमध्ये १९९० साली २,२४५ खून झाले होते आणि २०१७ साली २९२. सत्तावीस वर्षांत त्या शहराची माणसे मुळातून सज्जन झाली असे कोणी म्हणणार नाही. परिस्थिती बदलली, आकडा बदलला. म्हणून कुठल्याही वस्तीच्या कपाळी ‘गुन्हेगार’ असा कायमचा शिक्का मारण्याआधी न्यूयॉर्क आठवावे.

दर काढताना वर खून असतात आणि खाली लोकसंख्या. गडबड बहुधा खालच्या आकड्यात असते. सेंट लुईस शहराने १८७६ साली आपली हद्द आखून घेतली आणि भोवतालच्या परगण्यापासून ते वेगळे झाले. पुढे उपनगरे वाढली, सुखवस्तू कुटुंबे हद्दीबाहेर राहायला गेली, पण हद्द तीच राहिली. त्यामुळे त्या शहराचा दर म्हणजे एका महानगराच्या सर्वांत हलाखीच्या गाभ्याचा दर आहे. दुसऱ्या एखाद्या शहराने आपली उपनगरे पोटात घेतलेली असतात आणि त्याचा दर आपोआप खाली येतो. ‘शहरांची क्रमवारी लावू नका’ असा इशारा तिथली एफबीआय स्वतः देते, आणि अमेरिकेतल्या गुन्हेशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००७ साली अशा क्रमवारीला विरोध करणारा ठरावच केला.

आपल्याकडे उलट घडते. गुन्हे नोंद विभागाच्या त्याच अहवालात मुंबईच्या नावापुढे लोकसंख्या आहे १८४ लाख. ती २०११च्या जनगणनेतली, ठाणे-कल्याण-नवी मुंबईसह सगळ्या महानगराची. शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून त्या जनगणनेत १२४ लाखच माणसे होती. १३५ खुनांना १२४ लाखांनी भागले तर दर ०.७ नव्हे, १.१ येतो. कोलकात्याच्या नावापुढे १४१ लाख आहेत, पालिकेच्या हद्दीत मात्र ४५ लाख. ‘देशातले सर्वांत सुरक्षित शहर’ हा मान त्या शहराला लागोपाठ मिळाला, तेव्हा हा भाजक किती जणांनी तपासला? मुंबई याने धोकादायक ठरत नाही, १.१ हाही कमीच दर आहे. पण दीडपट फरक नुसत्या हद्दीने पडत असेल, तर पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाचे ढोल वाजवण्यात अर्थ नाही.

खुनाच्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते : दवाखाना किती लांब आहे. भांडणात वार झालेला माणूस कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयातून वेळेत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पोहोचला आणि वाचला, तर त्या घटनेला वस्तीत ‘हाफ मर्डर’ म्हणतात. कागदावर तो खुनाचा प्रयत्न असतो, जुने कलम ३०७. एलबीएस मार्गावरच्या कोंडीत रुग्णवाहिका अडकली, तर त्याच घटनेचा खून होतो, जुने कलम ३०२. हात तोच, राग तोच, चाकू तोच. शहराच्या दरात भर पडली ती वाहतुकीमुळे.

आता शहराच्या आत शिरू. अमेरिकेतल्या संशोधनाने गेल्या चार दशकांत एक गोष्ट वारंवार दाखवली : हिंसा शहरभर पसरलेली नसते, ती ठिपक्यांत साचते. मिनियापोलिसमध्ये पोलिसांना येणारे निम्मे फोन शहरातल्या अवघ्या तीन टक्के ठिकाणांहून येत असल्याचे १९८९ साली दिसले. बॉस्टनमध्ये जवळपास तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा गोळीबाराच्या सुमारे तीन चतुर्थांश घटना पाच टक्क्यांहून कमी रस्त्यांवर आणि चौकांत झालेल्या आढळल्या. म्हणजे बदनाम वस्तीतलेही बहुतेक रस्ते शांत असतात. शिकागोला जाणाऱ्या मुलीने विचारायचे ते शहराबद्दल नव्हे, आपण राहणार त्या चार रस्त्यांबद्दल.

हाच न्याय कुर्ल्याला लावा. पालिकेच्या एल विभागात, म्हणजे कुर्ला, चुनाभट्टी, साकीनाका, जरीमरी मिळून, २०११ साली नऊ लाखांहून अधिक लोक राहत होते. ही सान फ्रान्सिस्कोपेक्षा जास्त आणि सेंट लुईसच्या तिप्पट वस्ती. एवढ्या माणसांना आपण एका शब्दात गुंडाळतो आणि त्या शब्दावर मत बनवतो. स्वदेशी मिलच्या चाळी, कसाईवाडा, कुरेशीनगर, नेहरूनगरच्या वसाहती, बैलबाजार, खैरानी रस्त्यावरचे कारखाने, आणि प्रीमियरच्या गाड्या जिथे बनत त्या एलबीएस मार्गावर आता उभे राहिलेले मॉल आणि टॉवर : यांचा एकच ‘दर’ कसा असेल? देशभरातल्या २०२२च्या खुनांत सर्वांत मोठा वाटा, ९,९६२, साध्या वादांचा होता. लाभासाठी केलेले खून १,८८४. म्हणजे खुनी बहुधा अंधारातला अनोळखी नसतो. जमिनीच्या तुकड्यावरून, पैशावरून, नळावरून ज्याच्याशी बिनसले तो असतो. अनोळखी वस्तीची भीती बाळगणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

मग वस्ती सुरक्षित कशाने होते? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोतल्या ३४३ वस्त्यांमधल्या आठ हजारांहून अधिक लोकांशी बोलून १९९७ साली एक उत्तर दिले. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास आहे आणि गरज पडली तर मध्ये पडण्याची तयारी आहे, तिथे हिंसा कमी असते, वस्ती गरीब असली तरी. कुर्ल्यात हे रोज दिसते. रात्री साडेअकराला स्टेशनबाहेर पश्चिमेला या. फळांच्या गाड्यांवर अजून दिवे असतात. शेअर रिक्षावाला तिसरी सवारी मिळेपर्यंत हाळी देत असतो. पानाच्या टपरीवाल्याला आतल्या गल्लीतली निम्मी माणसे नावाने माहीत असतात. उशिरा परतणारी नर्स याच गर्दीतून निर्धास्त चालते आणि जिथे दुकाने संपतात त्या भिंतीशी पावले उचलते. फेरीवाले हटवून, टपऱ्या उठवून रस्ता ‘स्वच्छ’ करणाऱ्यांनी तिची ती वाढलेली चाल कधीतरी पाहावी.

आपल्याकडे या विश्वासाची मुद्दाम बांधणीही झाली आहे. १९८४च्या दंगलीने पोळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लीम दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसोबत नियमित एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुढे पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो व सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी मुंबईत हेच काम हाती घेतले. पोलिसांची संख्या वाढवण्याइतकेच हे काम मोलाचे आहे, आणि त्याला निधी लागतो तो अगदी थोडा.

पण शेजाऱ्यांची नजर सर्वांना सारखी लाभत नाही, हे तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवे. जी नजर चोराला रोखते तीच मुलीच्या कपड्यांवर, तिच्या सोबत्यावर, तिच्या वेळेवर पहारा ठेवते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरच्या आपल्या ‘व्हाय लॉइटर’ या पुस्तकात दाखवले की या ‘सुरक्षित’ शहरातही बाईला रस्त्यावर असण्यासाठी काही कारण दाखवावे लागते. आणि सप्टेंबर २०२१मध्ये साकीनाक्याच्या खैरानी रस्त्यावर एका महिलेवर उभ्या टेम्पोत झालेला अमानुष अत्याचार आणि तिचा मृत्यू आपण विसरू शकत नाही. त्यानंतर मुंबईच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात महिलांच्या सुरक्षेसाठी निर्भया पथक आले. खुनाच्या आकड्यात ती घटना एकाने भर घालते. तिने किती जणींचे रात्रीचे रस्ते बदलले, याची नोंद कुठेच नाही.

आणि कुर्ल्यात माणसे मरतात तरी कशाने? मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या हद्दीत २०२३ या एका वर्षात २,५९० मृत्यू झाले, रोज सरासरी सात. वर दिलेल्या १३५ खुनांशेजारी हा आकडा ठेवून पाहा. जून २०२२मध्ये कुर्ला पूर्वेच्या नाईकनगरात इमारत कोसळून १९ माणसे गेली. ९ डिसेंबर २०२४च्या रात्री एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची बस गर्दीत घुसली आणि किमान सात जणांचा जीव गेला. २६ जुलै २००५ला मिठी नदीचे पाणी घराघरांत चढले. यातले काहीही खुनाच्या दरात येत नाही. पण संध्याकाळी माणूस घरी परत येतो की नाही, हाच सुरक्षिततेचा अर्थ असेल, तर कुर्लेकराचा मोठा धोका चाकूत नाही. तो फलाटावर, रुळांवर, जुन्या इमारतीच्या खांबांत आणि फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर आहे. बदनामी मात्र चाकूची होते, आणि तिच्या आडोशाला बाकीच्या मृत्यूंची जबाबदारी कोणावरच येत नाही.

म्हणून मागणी अशी. शिकागो शहर २००१पासूनचा प्रत्येक नोंदलेला गुन्हा त्याच्या रस्त्यासह इंटरनेटवर खुला ठेवते. कोणीही तो पाहू शकतो, प्रश्न विचारू शकतो. मुंबईतही पोलीस ठाणेनिहाय आणि चौकनिहाय माहिती दर महिन्याला, साध्या मराठीत, पीडितांची ओळख जपून खुली असावी. तिच्या शेजारी त्याच भागातले रेल्वेमृत्यू, रस्त्यावरचे अपघात आणि धोकादायक इमारती असाव्यात. नऊ लाख माणसांच्या विभागाला आपल्या गल्लीचा हिशेब मागण्याचा हक्क आहे. दिवे कुठे हवेत, पूल कुठे हवा, गस्त कुठल्या वेळी हवी, हे त्यातूनच ठरेल.

यामुळे वस्त्या अधिक बदनाम होतील, अशी भीती घातली जाईल. खरे तर बदनामी अंधारात वाढते. नऊ लाख लोकांबद्दल एकच अफवा असण्यापेक्षा प्रत्येक रस्त्याबद्दल एक खरी नोंद असणे केव्हाही बरे, कारण अफवेला उत्तर देता येत नाही आणि नोंदीवर कामाला लागता येते. शिकागोबद्दल विचारणाऱ्या आईवडिलांनी आणि कुर्ल्याबद्दल विचारणाऱ्या घरमालकानेही यापुढे विचारावे ते एवढेच : कुठला रस्ता, कुठली वेळ, कोणासाठी, आणि कशापासून? या चार प्रश्नांची उत्तरे नगरसेवकाकडे, ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाकडे आणि रेल्वेच्या अधिकाऱ्याकडे मागायला आपण सुरुवात केली, तर कुर्ल्याचा पत्ता सांगताना कोणालाही आवाज खाली आणावा लागणार नाही.